मामांचा बिनसाखरेचा चहा

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका. वाई आणि जावळी तालुक्यांतल्या जिल्हा परिषदेच्या शाळांवर ३१ वर्षं काढली. पत्र लांबलं तर कापा.

नातू सहा वर्षांचा, पुण्यात असतो, पहिलीत आहे. मार्चमध्ये त्याला ऑटिझम असल्याचं तपासणीत निघालं. त्याआधीच्या गणपतीत आमच्या गावच्या घरी आरतीच्या झांजा सुरू झाल्या तसा तो कानांवर हात दाबून किंचाळायला लागला आणि माजघरातल्या पलंगाखाली शिरला. घरात पस्तीस माणसं. मोठ्या दिरांनी त्याला पायाला धरून बाहेर ओढलं. सून त्यांना माझ्यासमोर बोलली. यंदा ती म्हणते, ‘आई, आरतीला मी त्याला गच्चीवर नेणार. ते चालणार नसेल तर आम्ही येतच नाही.’ दीर म्हणतात, ‘एका पोरासाठी घरची रीत मोडायची का? सगळ्यांना एकच नियम.’ हे वाक्य मीच आयुष्यभर वर्गात म्हटलं आहे, म्हणून मला त्यांना उत्तर देता आलं नाही.

दुसरं सांगायला जड जातं. डॉक्टरीणबाईंनी नातवाबद्दल जे जे विचारलं ते माझ्या मुलाला, म्हणजे त्याच्या बापाला, तंतोतंत लागू होतं. भाजीला वरण लागलं की तो ताट सारून उठायचा. शर्टाच्या कॉलरमागची पट्टी कापून द्यावी लागायची. मी त्याला दोनदा मुस्काटात मारलेली आहे. आज तो ३८ वर्षांचा आहे, शिरवळच्या एका कारखान्यात अकाउंट्सला. कामात चूक नाही. पण नजरेला नजर देत नाही, कुणात मिसळत नाही, असं म्हणून साहेबांनी यंदा पगारवाढ रोखली. ऑफिसातल्या भिंती पाडून एकच मोठा हॉल केला, तेव्हापासून घरी आला की अंधारात बसून राहतो. त्याला सांगू का, की बाबा रे, तूही तसाच असशील?

नणंदेचे यजमान म्हणतात, मुंबईला स्टेम सेलचं, म्हणजे मूळ पेशींचं, इंजेक्शन मिळतं, काही लाख लागतील. सुनेच्या माहेरचे म्हणतात, मोबाइलमुळे झालं. शाळा म्हणते, मुलाशेजारी बसायला तुमचा माणूस द्या, नाहीतर दुसरी शाळा बघा.

आणि शेवटचं. माझ्या वर्गात एक मुलगा होता. ध आणि घ, भ आणि म यांत कायम गोंधळ, वेलांटी कधी इकडे कधी तिकडे. त्याच्या हातावर किती छड्या मारल्या, मोजलेल्या नाहीत. चौथीनंतर त्याने शाळा सोडली. आता गावातच त्याचं गॅरेज आहे. मला पाहिलं की काम टाकून उठून उभा राहतो. मला ते बघवत नाही.

– एक आजी, वाई तालुका

बाई,

‘आजी’ अशी सही केलीत, पण ३१ वर्षं फळ्यासमोर उभ्या राहिलेल्या बाईंना मी बाईच म्हणणार. पत्र कापायचं म्हणालात, मी फारसं कापलेलं नाही. गणपतीला दीड महिना उरलाय, तेव्हा आधी तेच घेऊ.

तुमच्या त्या पस्तीस माणसांत मधुमेहाचे एखादे मामा असतीलच. दुपारचा चहा टाकताना त्यांच्यापुरता बिनसाखरेचा वेगळा ठेवला जात असेल. गुडघे गेलेल्या एखाद्या काकू आरतीला खुर्चीत बसत असतील. कुणाचा उपास, म्हणून त्यांच्यापुरती साबुदाण्याची खिचडी. कुणी कांदा-लसूण खात नाही. कुणी गोळी घेऊन नऊला झोपतं, म्हणून त्यांचं अंथरूण मागच्या खोलीत. दर भाद्रपदात तुमच्या स्वयंपाकघरात निदान सात-आठ वेगवेगळे नियम गुण्यागोविंदानं नांदत असणार, आणि त्यातल्या एकालाही आजवर कुणी ‘लाड’ म्हटलं नसेल. मामांना ‘सगळ्यांना एकच चहा’ असं दिरांनी कधी सुनावलं आहे का?

मग नातवापाशीच का अडलं? मामांच्या साखरेचा लॅबचा कागद असतो. काकूंचे सुजलेले गुडघे दिसतात. पोराच्या कानात काय होतंय ते मोजायची पट्टी औषधाच्या दुकानात मिळत नाही, म्हणून तो हट्टी ठरतो. सगळा फरक एवढ्यावरच आहे. घराची रीत मोडायला सून सांगतच नाहीये. उलट तुमच्या घरची जुनी रीत, ज्याला जे सोसत नाही ते त्याच्या पानात वाढायचं नाही, तीच ती आपल्या मुलापर्यंत पोचवायला सांगतेय.

आता त्याच्या कानाचं. तुम्ही हे पत्र लिहीत होतात तेव्हा पंखा चालू असेल, रस्त्यावरून एखादा ट्रॅक्टर गेला असेल, कुकर झाला असेल. तुमच्या मेंदूनं तुम्हाला न विचारता हे सगळं मागे सारलं. बऱ्याच ऑटिस्टिक माणसांची ही गाळणी वेगळी विणलेली असते. त्यांच्यापर्यंत पंखा, ट्रॅक्टर, कुकर आणि समोरच्याचं बोलणं सगळं एकाच जोरानं येतं. काहींच्या बाबतीत उलट होतं, काही गोष्टी जाणवतच नाहीत, आणि एकाच मुलात दोन्हीही असू शकतं. त्यात पितळी झांजा, बंद माजघर आणि पस्तीस गळे. त्याला तो आवाज मोठा वाटला म्हणून तो ओरडला नाही. तो आवाज त्याला दुखला. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानाच्या निकषांत ही संवेदनांची बाब २०१३ साली आली. म्हणजे तुमचा मुलगा ताट सारून उठत होता तेव्हा तज्ज्ञांच्या यादीतही ती नव्हती. हे तुम्हाला माफी म्हणून सांगत नाहीये. काय काय उशिरा कळलंय त्याचा हिशेब मांडतेय.

इथं जरा वाट सोडते. ऑटिझमला आपण मराठीत ‘स्वमग्नता’ म्हणतो. मला तो शब्द कधीच पटला नाही. चूक भाषांतरकाराची नाही, मूळ शब्दच तसा आहे. स्विस मानसोपचारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९११ च्या सुमारास ग्रीक ‘ऑटोस’, म्हणजे ‘स्वतः’, यावरून तो घडवला, आणि तोही स्किझोफ्रेनियाचं एक लक्षण सांगायला. पुढे १९४३ साली लिओ कॅनर यांनी अमेरिकेत अकरा मुलांचं वर्णन केलं, त्यात तो शब्द मुलांना चिकटला आणि चिकटूनच राहिला. पण घरातला एकूण एक आवाज ज्याच्या अंगावर येतो त्याला स्वतःत मग्न कसं म्हणायचं? तो तर तुमच्या-माझ्यापेक्षा जगाला जास्त उघडा आहे. आजकाल न्यूरोडायव्हर्जंट असा एक लांबलचक शब्द आलाय. मेंदूची घडण बहुतेकांपेक्षा वेगळी असलेली माणसं, इतकाच त्याचा अर्थ. ऑटिझम, एडीएचडी (लक्ष एका जागी न टिकणं, सतत चुळबूळ), डिस्लेक्सिया (अक्षरं वाचण्या-लिहिण्यातली अडचण) अशांना एका छत्रीखाली घेतो. बोलायला जड आहे, पण त्यात निदान शिवी नाही.

तर यंदाचं. माणसं यायच्या एक दिवस आधी मुलगा-सून-नातू आले तर बरं. रिकामं घर त्याला आधी पाहू दे. एक खोली त्याची ठरवा, तिथे दुसऱ्या कुणाच्या बॅगा नकोत, पडदा जाड, आणि तिथं जाणं ही शिक्षा नाही हे त्याला आधी सांगायचं. कारखान्यात मशीनवर काम करणारे कामगार कानांवर घालतात ते इयरमफ हार्डवेअरच्या दुकानात काही शे रुपयांत मिळतात, तुमचा मुलगा शिरवळहून सहज आणेल. ते घातल्यावर कदाचित तो दारात उभा राहून आरती बघेल. कदाचित नाही बघणार. सून गच्चीवर नेते म्हणतेय तर तुम्ही स्वतः एक दिवस त्याच्याबरोबर गच्चीवर जा. घरातली थोरली बाई आरती सोडून नातवाजवळ बसली हे पस्तीस जणांनी पाहिलं, की पुढचं निम्मं बोलणं तुम्हाला करावं लागणार नाही. झांजांऐवजी टाळ्यांवर एक आरती होऊ शकते का ते बघा. लहान घरांत तशा होतात. विसर्जनाच्या मिरवणुकीला मात्र त्याला नेऊच नका. रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा कायद्यात आहे आणि ढोल-ताशापुढे ती कुठे जाते ते आपण सगळे जाणतो.

एवढं करूनही तो कोलमडला तर? हट्ट आणि कोलमडणं यांतला फरक शिक्षिकेला लगेच कळेल. हट्ट करणारं मूल एक डोळा तुमच्याकडे ठेवून रडतं, हवं ते मिळालं की थांबतं. कोलमडलेल्या मुलाला प्रेक्षक नको असतात, आणि त्याच्या हातात काहीही दिलं तरी ते थांबत नाही, कारण थांबणं त्याच्या हातात उरलेलं नसतं. अशा वेळी दिवा मंद, माणसं बाहेर, बोलणं कमी. ‘काय झालं, सांग ना, शहाणा ना तू’ हे तर अजिबात नको, प्रत्येक शब्द म्हणजे आणखी एक आवाज. न विचारता हात लावायचा नाही. जवळ, पण अंतर ठेवून बसायचं. पाय धरून ओढणं म्हणजे भाजलेल्या माणसाला घासून पुसणं. हे दिरांना याच शब्दांत सांगा. सुनेनं सांगायची ही गोष्ट नव्हे, तुम्ही सांगायची आहे.

जेवणाचंही आताच बोलते, कारण कुणीतरी म्हणणारच, ‘दोन दिवस उपाशी ठेवा, आपोआप खाईल.’ सगळी मुलं आपोआप खात नाहीत. तो घरी दहीभात खात असेल तर तुमच्याकडेही दहीभातच, शक्यतो त्याच्याच वाटीत. मोदक खाल्ला नाही म्हणून गणपती रागावत नाही.

आता पाहुण्यांचे सल्ले. मोबाइलमुळे ऑटिझम होत नाही. जास्त मोबाइल कोणत्याच मुलाला चांगला नाही, ती वेगळी गोष्ट. मेंदूची ही घडण जन्माच्या आधीच सुरू होते आणि तिच्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. एके काळी याचा दोष थेट आयांना देत, आई थंड आहे, मुलाला माया देत नाही म्हणून मूल असं झालं, असं मोठमोठे डॉक्टर पन्नास-साठच्या दशकांत लिहीत होते. १९७७ साली सुझन फोलस्टाइन आणि मायकल रटर यांनी जुळ्यांचा अभ्यास छापला, त्यात आनुवंशिकतेचा वाटा दिसला आणि त्या आरोपाखालची जमीन सरकली. पण दोष आयांवर टाकायची सवय काही सरकली नाही. आता थंड आईच्या जागी मोबाइल देणारी आई आली, इतकंच. तुमच्या पत्रात सून दोनदा येते, आणि दोन्ही वेळा भांडताना. ती किती दमली असेल, एवढं एकदा विचारून बघा. सल्ला न देता.

स्टेम सेलचं उत्तर एका शब्दात: नको. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत रक्ताच्या काही आजारांसारखे ठरावीक अपवाद सोडले तर बाकी सगळा स्टेम सेल वापर हा प्रयोगाच्या चौकटीतच करायचा असं स्पष्ट आहे, आणि प्रयोगात भाग घेणाऱ्याकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. लाख मागणारा माणूस उपचार विकत नाही, आशा विकतो. तेच पैसे बोलण्याच्या आणि हालचालींच्या थेरपीला, आणि त्याहून आधी सुनेच्या विश्रांतीला लावा. नातवाला दिव्यांगत्वाचा दाखला आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र, काढून घ्या. त्यावर केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ योजना मिळते, वर्षाला एक लाखापर्यंतचं आरोग्य संरक्षण, थेरपीचा काही खर्चही त्यात बसतो. दाखला काढला की शिक्का बसेल असं घरात कुणी म्हणेल. शिक्का बसायचा तो पलंगाखालून ओढलं तेव्हाच बसला.

शाळा. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याचं कलम १६ सरकारी आणि मान्यताप्राप्त शाळांना सांगतं की अशा मुलाला भेदभाव न करता प्रवेश द्या आणि त्याच्या गरजेप्रमाणे वाजवी सोयी करा. म्हणजे ‘दुसरी शाळा बघा’ हे शाळेला इतक्या सहज म्हणता येत नाही. पण कायदा खिशात ठेवून जा, हातात वेगळा कागद असू दे. त्यावर या मुलाच्या चार-पाच गरजा: घंटेच्या खाली त्याची बसायची जागा नको, तास बदलायच्या आधी दोन मिनिटं सांगा, फळ्यावर दिवसाचा क्रम लिहा, स्नेहसंमेलनात स्टेजवर ढकलू नका, आणि तो कोलमडला तर कुठल्या कोपऱ्यात जाईल ते ठरवा. एवढ्या गोष्टींना शेजारी बसणारा माणूस लागत नाही आणि पैसेही लागत नाहीत. कागद लेखी द्या, उत्तर लेखी मागा. तुम्ही स्वतः बरोबर जा. शाळेच्या आतली भाषा तुम्हाला येते, पहिलीच्या वर्गात चाळीस मुलं घेऊन उभं राहणाऱ्या बाईंची अडचणही तुम्हाला कळते. सुनेला त्या बाई शत्रू वाटत असतील. तुम्हाला वाटणार नाहीत, आणि त्याचा उपयोग आहे.

आता मुलाबद्दल. यावर मी सगळ्यात जास्त विचार केला.

निदान तुम्ही करू नका, मीही पत्रावरून करत नाही. पण तुम्ही पाहिलंत ते अनेक घरांत दिसतं. मुलाची तपासणी चालू असताना बाप खुर्चीत सावरून बसतो, कारण प्रश्न त्याच्याबद्दल चाललेत असं त्याला वाटायला लागतं. तुमच्या मुलानंही तेच प्रश्न ऐकले असतील ना? मग तुम्ही त्याला काही ‘सांगायचं’ बहुतेक राहिलेलंच नाही. त्याला बहुधा ठाऊक आहे आणि तो एकटाच ते घेऊन अंधारात बसलाय. ‘तूही तसाच’ म्हणू नका. त्याला ती कॉलरमागची पट्टी आठवण करून द्या. ‘तुला तेव्हा ती टोचायची आणि मला वाटायचं तू नाटक करतोस. मी मारलं. चुकलं माझं.’ एवढंच म्हणा आणि गप्प बसा. पुढचं तो बोलेल किंवा नाही बोलणार. महिन्याभरानं बोलेल कदाचित. बोलला आणि तपासून घ्यायची त्याची इच्छा असेल तर मानसोपचारतज्ज्ञ किंवा भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेले चिकित्सा मानसशास्त्रज्ञ मोठ्या माणसांचंही निदान करतात. तिथे बालपणाबद्दल आईला विचारतात. तेव्हा तुमची खरी गरज लागेल, आणि तेव्हा काहीही गोड करून सांगू नका.

त्याच्या साहेबांबद्दल मला एक जुनी गोष्ट आठवते, आणि त्यात वाईट वागलेली मी आहे. पंचवीसेक वर्षांपूर्वी मी एका मासिकाच्या कचेरीत होते. मुद्रितं तपासणारे एक गृहस्थ होते. चहाला यायचे नाहीत, कुणाच्या वाढदिवसाच्या केकला यायचे नाहीत, बोलताना समोरच्याच्या खांद्यापलीकडे बघायचे. आम्ही त्यांची नक्कल करत असू. मी जरा जास्तच छान करत असे. चौथ्या वर्षी त्यांनी राजीनामा दिला. शेवटच्या दिवशी कुणीतरी सहज विचारलं, का सोडताय? ते म्हणाले, ‘ती ट्यूब.’ त्यांच्या टेबलावरच्या ट्यूबलाइटचा चोक गुणगुणायचा. आम्हाला तो ऐकूही येत नव्हता. चार वर्षं आठ-आठ तास तो त्यांच्या डोक्यात गुणगुणत होता. दुसऱ्या दिवशी शिपायानं चोक बदलला, किंमत एका सिनेमाच्या तिकिटापेक्षा कमी असेल. आणि अंकात पहिल्यांदाच मुखपृष्ठावर शुद्धलेखनाची चूक गेली. तुम्ही विचाराल, त्यांनी आधी का नाही सांगितलं. मला वाटतं, आम्ही त्यांची नक्कल करत होतो हे त्यांना माहीत होतं.

तुमच्या मुलाच्या हॉलमध्ये अशी कुठली ट्यूब आहे ते फक्त तोच सांगू शकतो. आणि ते सांगायला निदानाचा कागद लागत नाही. ‘सर, मला भिंतीकडे तोंड करून कोपऱ्यातली जागा दिलीत तर महिनाअखेरचं काम दोन दिवस आधी होईल. तोंडी सूचना माझ्या हातून सुटतात, मेलवर दिल्या तर सुटणार नाहीत. हेडफोन लावला तर चालेल ना?’ कामाच्या भाषेत मागितलेली सोय बहुतेक साहेबांना पटते. कायद्याचा आधार आहे, पण खासगी नोकरीत तो अर्धाच आहे हेही स्पष्ट सांगते. प्रत्येक आस्थापनेनं समान संधीचं धोरण जाहीर करावं असं २०१६ च्या कायद्यात आहे. वाजवी सोयी देण्याची थेट सक्ती मात्र सरकारी आस्थापनांवर आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये यूपीएससीच्या एका उमेदवाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं एक मोलाची गोष्ट सांगितली: लेखनिकासारखी सोय मिळायला ४० टक्के अपंगत्वाचा दाखला असलाच पाहिजे असं नाही. तो उमेदवार परीक्षेचा होता, तुमचा मुलगा पगारदार आहे, पण विचार तोच आहे. निदान झालं तरी ते ऑफिसात उघड करायचं की नाही हा सर्वस्वी त्याचा निर्णय. उघड केल्यावर सुखी झालेलीही माणसं मी पाहिली आहेत आणि बाजूला पडलेलीही.

नजरेला नजर देत नाही, हा त्याच्यावरचा आरोप तर मला हास्यास्पदच वाटतो. हिशेब बरोबर आहेत की नाहीत हे डोळ्यांत बघून कळत असतं तर ऑडिटर कशाला लागले असते? डेमियन मिल्टन नावाचे ब्रिटिश संशोधक आहेत, स्वतः ऑटिस्टिक. त्यांनी २०१२ साली साधी गोष्ट मांडली: ऑटिस्टिक माणसाला इतरांचं मन कळत नाही असं आपण म्हणतो, पण इतरांना तरी ऑटिस्टिक माणसाचं मन कुठे कळतं? न कळणं दोन्ही बाजूंनी असतं, वर्ग मात्र एकाच बाजूला लावले जातात. साहेबांनाही शिकावं लागेल थोडं. आणि कृपा करून घरात कुणी ‘अशी माणसं जीनियस असतात’ असं सुरू केलं तर थांबवा. काही असतात, बहुतेक तुमच्या-माझ्यासारखी साधी असतात, आणि साध्या माणसालाही टेबलाची योग्य जागा मिळायला हवी.

राहता राहिला तुमचा गॅरेजवाला विद्यार्थी.

तो शाळेत होता तेव्हा डिस्लेक्सिया हा शब्द तुमच्या केंद्रातल्या शाळांत कुणी उच्चारला नसेल. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकार होते, त्यांत अध्ययन अक्षमताही (डिस्लेक्सिया तिच्यातच येतो) नव्हती आणि ऑटिझमही नव्हता. २०१६ च्या कायद्यात एकवीस झाले तेव्हा दोन्ही आले. दहावीसाठी सवलती महाराष्ट्रानं १९९६ पासून दिल्या खऱ्या, पण ज्या मुलानं चौथीतच दप्तर ठेवलं त्याला दहावीची सवलत काय कामाची? शिवाय आपली लिपी आणि आपले आकडे अशा मुलांना सोपे नाहीत. ‘सत्तावीस’ ऐकताना आधी सात येतो आणि लिहायचा आधी दोन. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस सात’ असंही वाचायची सोय आली, तर विधानसभेपर्यंत थट्टा झाली. मंगला नारळीकर यांच्यासारख्या गणितज्ञ बाई शांतपणे कारण समजावत होत्या, ऐकतं कोण. सोय नव्या माणसासाठी केली की आपल्याला भाषा बुडाल्यासारखी वाटते, हे दिरांपुरतं नाही, बाई.

पण छडीचं काय? ती चूक होती हे कळायला डिस्लेक्सिया माहीत असायची गरज नव्हती. तुम्हालाही हे ठाऊक आहे, म्हणून तर तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलंत. मी तुम्हाला ‘काळच तसा होता’ म्हणणार नाही. त्याच्यापुढे जाऊन रडूही नका. मग तो तुमची समजूत घालत बसेल, आणि ते ओझंही त्याच्याच माथी जाईल. त्याला मुलं असतील, कदाचित तुमच्याच जुन्या शाळेत. त्यांच्यातलं एखादं ध आणि घ मध्ये अडकत असेल, कारण हे बऱ्याचदा घराण्यात असतं. विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा दाखला आठव्या वर्षापासून मिळतो, आणि परीक्षेत तासाला किमान २० मिनिटं जास्त वेळ मिळण्याचा रस्ता तिथूनच जातो. हे त्याला सांगायला कुणी नाही. तुम्ही गाडीची हवा भरायला जा आणि मुलं कितवीला आहेत विचारा. तो उभा राहील तेव्हा ‘बस रे’ म्हणा, आणि तुम्हीही तिथल्याच स्टुलावर बसा.

गणपतीचं एक राहिलं. नातवाला आरतीचा क्रम आदल्या दिवशीच कागदावर चित्रं काढून द्या: आरत्या चार, मग मंत्रपुष्पांजली, मग प्रसाद. संपणार कधी हे माहीत असलं की सोसणं सोपं जातं, आणि चौथी झाली की तो स्वतःच कागदावर खूण करेल. पाचवी आरती मात्र कुणीतरी उत्साहानं सुरू करणारच, तुमच्या घरी कोण करतं ते तुम्हाला माहीत असेल. त्यांना थांबवायचं काम तुमचं. चाळीस पोरांचा वर्ग एका नजरेत गप्प करायचा सराव आहे तुम्हाला.